उभ्या ट्रॅक्टरचा ब्रेक

दुष्काळाचं साल. तोडलेला ऊस उन्हात वाळून हलका व्हायचा, म्हणून सहकारी कारखान्याच्या गेटावर रांगेत नंबर लागला की तो सोडायचा न्हाई, एवढाच माझ्या मामाचा धर्म. मामा आन् मी दुपारपासून ट्रॅक्टरवर बसलोतो. पुढं गाड्या, मागं गाड्या, शेजारी दुसरी रांग.

मामाला डुलकी लागली. तेवढ्यात शेजारची ट्रॉली पुढं सरकली. मामा दचकून जागा झाला, दोनी पाय ब्रेकवर देऊन उभाच राह्यला आन् मागच्याला ओरडला, "बाजूला व्हय बे, गाडी मागं चाललीय."

मागचा म्हणला, "मामा, तुमची गाडी बंद हाय."

मला आयतंच घावलं. रांगेतल्या गाडीगाडीपाशी जाऊन नक्कल केली. डोळे वटारलेले, पाय ताठ, हातात हवेचं स्टेरिंग. चौसाळ्याकडचा एक ड्रायव्हर तर हसून हसून उसावर पडला.

उन्हं कलल्यावर मामा म्हणला, "चहा पिऊन येतो. पुढची गाडी हालली की तू हाल. मधी कुणी घुसला तर आपला ऊस उद्यावर जातोय."

"मी काय तुमच्यागत हाय व्हय?"

गाडी चालू करून बसलो. शेजारची रांग हालली. उसाच्या मोळ्या कानाजवळून पुढं जायल्या. मी मागं चाललतो, तेबी सुसाट. दिले दोनी पाय ब्रेकवर. मागून हॉर्न वाजले, तसा अजूनच दाबला.

पुढचा कवाच गेलता. मोकळ्या जागेत शेजारच्या रांगेतला एक तोंड घालायलाच आलता, तर मामा चहाचा गिलास घेऊन त्याच्या म्होरं उभा. "हितं माझा भाच्चा यायलाय," म्हणला. "मागं चाललाय ना, म्हणून उशीर."

मग माझ्यापाशी आला. "ब्रेक कावून दाबलास बे? शेजाऱ्याकडं नगं, त्या लाईटच्या खांबाकडं बघ."

खांब जागचा हालत न्हवता. म्हंजी मीबी न्हाई. खांबाच्या मापानं बघितलं तर शेजारची सुसाट ट्रॉली गाभण म्हशीगत चालत होती. नाकाजवळून गेली म्हणून पळती वाटलती. दोघांतलं कुणीतरी हाललं, एवढंच डोळ्याला कळतं. कोण, ते सांगायला तिसरा लागतो.

गाडी पुढं घेतली, नंबर वाचला. मागं वळून बघतो तर मामा रांगेत उभा. डोळे वटारलेले, पाय ताठ, हातात हवेचं स्टेरिंग.

चौसाळ्याचा म्हणला, "मामा, भाच्यापरीस तुमची नक्कल लई हुबेहूब हाय."