देवदारांखालचं गोल्फ

बारामतीत शेजारी कुणी गवत कापलं, की त्या ओल्या वासानं मला हिमाचलातलं डोंगरउतारावरचं ते गोल्फचं मैदान आठवतं. तिथं कुणालाही खेळता येई. आईचं लांबलेलं आजारपण आणि मग तिचं दिवसकार्य उरकून, पार थकलेले आम्ही बापलेक तिथं गेलो होतो. भाड्याच्या काठ्या घेऊन देवदारांमधून चढताना धाप लागली, तसे अर्ध्यातच हिरवळीवर बसलो. समोर बर्फाचे डोंगर होते. अंथुर्णे गावात जन्म काढलेले आबा हिरवळीवरून हात फिरवत होते. मग म्हणाले, "तुजी आई म्हणली असती, एवढं गवत हाय, आन् एक म्हस न्हाय!" दोघंही हसलो, आणि हसता हसता आबा तिच्यामागं पहिल्यांदाच रडले. खेळ तिथंच राहिला. आता आबाही नाहीत; दमलो, की मी एकटाच गवतावर बसतो.