करीम मास्तरांचं गाव

ढोकीहून छोटी गाडी बार्शीला लागली की करीम मास्तर फलाटावर हजर. माझं तुरीचं पोतं खाली टेकायच्या आत प्रश्न सुरू.

"दत्तू, खालच्या आडाला पाणी किती हाय?"

"असंल सा-सात हात."

"असंल न्हाय, मोजून ये. अंदाजानं लिवलेलं गाव मला नको."

आणि खरंच, मी मोजून येईपर्यंत गावावरचा लेख ते छापायला देत नसत. असला हट्टी माणूस!

मास्तर आमच्या गावचे. मला त्यांनीच शिकवलं. शाळा उर्दूची, पण सुटल्यावर ते ओट्यावर बसवून आमच्याकडून मराठी गिरवून घ्यायचे. आपला मुलूख हिंदुस्थानातच गेला पाहिजे, असं त्यांनी बार्शीच्या एका साप्ताहिकात स्वतःच्या नावानिशी लिहिलं. मुसलमान असून असं लिहितो, म्हणून रझाकार जिवावर उठले. मास्तरांना निजामाची हद्द ओलांडावी लागली. बार्शीतून ते दर आठवड्याला आमच्या गावावर लिहायचे. ते अंक मी लपवून आणायचो. पाटील दार लावून मोठ्यानं वाचायचे आणि म्हणायचे, "गाव लिवावं तर मास्तरनंच!"

पोलीस अॅक्शन झाली. परागंदा झालेली माणसं गळ्यात हार घालून आपापल्या गावी परतू लागली. मास्तरांनीही वळकटी बांधली. पण तेवढ्या दिवसांत आमच्या गावातली मुसलमानांची घरं जळाली होती. मास्तरांचंही. जाळणारे परके नव्हते, आमचेच होते. पाटलांनी मला बोलावून निरोप दिला, "मास्तरास्नी म्हणावं, सध्या येऊ नका. लोकं लई तापल्यात."

बार्शीच्या फलाटावर मी तो निरोप सांगितला. मास्तर हातातल्या तिकिटाकडं बघत राहिले.

"माझं लिवलेलं वाचलंय ना त्यांनी?"

"व्हय मास्तर."

"आन तुझं काय म्हणणं हाय, दत्तू?"

'चला, मी हाय तुमच्यासंगं,' एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "पाटील म्हणत्यात ते बी खरंच हाय."

गाडी त्यांना न घेताच सुटली. पुढं मास्तरांनी एक ओळ लिहिली नाही. संपादक लेख मागायला गेले, तर म्हणाले, "कुठलं गाव लिवू?"

दोन वर्षांनी ते बार्शीतच गेले. कबरस्तानात एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मय्यत कुठल्या गावची?" मी पुढं होऊन आमच्या गावाचं नाव ठणकावून सांगितलं. मास्तर जिवंत असताना, पाटलांसमोर, हेच सांगायचं होतं. तेव्हा मी शेपूट घातलं.