नानांचा घड

नाना कुणाच्याही गाडीत आधी हात घालायचे आणि मग रामराम करायचे. खिडकीतून अर्धे आत शिरून सीटच्या फटीत बोटं खुपसायची, कव्हराखाली दबलेलं बकल चाचपायचं आणि बाहेर येऊन विचारायचं, "पट्टा कुठं गेला?" नव्वदनंतर फैजपुरात केळीच्या पैशावर गाड्या येऊ लागल्या होत्या. नवी गाडी आली की आठवड्याच्या आत जाड रेक्झिनची कव्हरं शिवायची. बकल बसताना टोचतं म्हणून कव्हरवाला पट्टे आत दाबून वरून शिलाई मारायचा. आम्हाला ते सोयीचंच वाटायचं.

नानांचं बसस्टँडजवळ मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. माणूस मूळचा शिरपूरकडचा. एरवी आमच्याशी शुद्ध बोलायचे, चिडले की अहिराणीवर यायचे, आणि चिडलेले तर ते कायमच असायचे. स्कूलच्या भिंतीवर कुठल्याशा परदेशी मासिकातलं चित्र डकवलेलं होतं. गाडीच्या मागच्या सीटवर एक छोटी खुर्ची आणि तिच्यात पट्ट्यांनी बांधलेलं गुटगुटीत बाळ. "अशी खुर्ची आपल्याकडे येईल तेव्हा येईल," नाना सांगायचे, "तोवर पोरगं मागं बसवा, पट्टा लावून." लोक हसायचे. पोर म्हणजे काय वासरू आहे का बांधायला, असं एकदा मीच म्हणालो. नाना फाडकन म्हणाले, "वासरूले तरी बांधतस तुम्ही."

त्यांची शिकवायची तऱ्हा तर अंगावर काटा आणणारी. शिकाऊ माणसाला शेजारच्या सीटवर बसवायचं, त्याच्या मांडीवर केळीचा एक भरलेला घड द्यायचा, चार वर्षांच्या पोराच्या वजनाचा, आणि म्हणायचं, "घट्ट धरा. हे तुमचं पोर." मग गाडी सायकलच्या वेगानं नेऊन खाडकन ब्रेक. घड गेला डॅशबोर्डावर. मी तर दोन्ही हातांनी कवळ घालून बसलो होतो, तरी गेला. वर माझ्या नव्या पॅंटवर चीक सांडला. केळीचा चीक कपड्यावरून जन्मात जात नाही. मी पॅंट बघत होतो आणि नाना माझ्याकडे. "ट्रकमा घडखाले पाला घालतस ना? मंग पोरले काय घालस?" मला त्या पॅंटचा राग वर्षभर होता.

नानांचं एखादं मूल अपघातात गेलं असणार, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं. मी एकदा भीत भीत विचारलं. नाना म्हणाले, "मुलगा धुळ्याला आहे. धडधाकट. तोही गाढव पट्टा लावत नाही."

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, नानांचे पक्के विरोधक. नातीला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसायचं आणि बाजारातून गाडी हळू न्यायला लावायची, ही त्यांची हौस. माझी मीना तेव्हा चार वर्षांची होती. "माझ्या हातातून तिला कोण काढतं ते बघतो," असं आबा म्हणायचे. पुतण्याच्या लग्नाला रावेरला निघालो, तेव्हाही ती तिथंच बसली होती. तेवढ्यात नाना आले आणि बॉनेटवर दोन्ही हात टेकवून गाडीपुढे उभे राहिले. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या.

"नाना, वऱ्हाड खोळंबलंय. तुमचं काय जातं?" मी वैतागून म्हणालो.

"मनं काहीच जात नही, भाऊ. जाई ती तुनी आंडेर."

ऐन लग्नाच्या दिवशी माझ्या मुलीबद्दल असं बोलणं. आईनं डोळ्याला पदर लावला. मला तर त्या माणसाला उचलून बाजूला ठेवावंसं वाटलं. शेवटी ब्याद टळावी म्हणून बायकोनं मीनाला मागं घेतलं. मागच्या सीटचा एक पट्टा शिलाईतून वाचला होता, तो नानांनी स्वतः मीनाच्या कमरेला खाली सरकवून बसवला. आबांच्या मोकळ्या मांडीवर कुणीतरी लाडवांचा पितळी डबा ठेवला. स्वतःच्या सीटच्या पट्ट्याची शिलाई उसवायला आबांनी साफ नकार दिला.

सावदा सोडलं आणि केळीच्या बागेतून एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट सरळ रस्त्यावर आला. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण डबा थांबला नाही. तो समोरच्या काचेवर जाऊन आदळला, काचेला आरपार तडे गेले आणि आबांच्या कपाळाला खोक पडली. मागं मीना भोकाड पसरून रडत होती, पट्टा रुतला म्हणून. बाकी तिला काही झालं नव्हतं. आबा आपल्या हातांकडे बघत होते. काहीतरी धरून ठेवल्यासारखे ते अजून गोल वळलेले होते.

दुसऱ्या दिवशी मी नानांना सांगायला गेलो. वाटलं, माणूस खूश होईल.

"आबांनी लावला होता पट्टा?"

"नाही."

"मग कशाला आलास सांगायला?" म्हणाले आणि आत निघून गेले. चहासुद्धा विचारला नाही.

पुढं नानांची नजर अधू झाली, स्कूल बंद पडलं. मुलगा त्यांना धुळ्याला न्यायला नवी कोरी गाडी घेऊन आला. आम्ही निरोपाला जमलो, तर नाना गाडीच्या दाराशीच अडून बसलेले. पट्टा कव्हराखाली शिवलेला. मुलगा कपाळाला हात लावून म्हणत होता, "अहो, चार तासांचा तर रस्ता आहे. कव्हर कालच बसवलंय." नाना सीटच्या फटीत बोटं घालून चाचपत होते, पण त्यांना आता ते जमत नव्हतं.

आबा गर्दीतून पुढं आले. त्यांनी कमरेचा केळी कापायचा विळा काढला, नवं रेक्झिन या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडलं आणि पट्टा बाहेर ओढला. आबांनी नानांना धरून आत बसवलं, पट्टा लावला आणि नीट बसला का ते दोनदा ओढून पाहिलं.

"आवळ थोडा," नाना म्हणाले.