उपरण्याखाली ठरलेला मुक्काम

शिरूरहून सकाळी निघताना मी सुलभाला बजावलं होतं, दुपारी जेवायचं आणि दिवस मावळायच्या आत परत फिरायचं. ती "बरं" म्हणाली आणि मागच्या सीटवर एवढी मोठी बॅग ठेवली की मला आरशात रस्ता दिसेना.

माझं सासर शेजारच्याच दौंड तालुक्यात, भुलेश्वराच्या डोंगराखाली. अंतर तसं काहीच नाही. तरी तीन वर्षं मी तिकडे फिरकलो नव्हतो. मागच्या धोंड्याच्या महिन्यात (अधिक महिना, जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात) सासऱ्यांनी आमंत्रण मोबाइलवर पाठवलं. दोन्ही जावयांना मिळून एकच मेसेज, खाली हात जोडल्याचं चित्र. मी हातगाडीवर भांडी विकत विकत दुकान उभं केलेला माणूस. उधारीवरचं गिऱ्हाईकसुद्धा मला असं उरकत नाही. मी गेलो नाही. मी नाही म्हणून सुलभाही गेली नाही. एवढ्या काळात ती माहेरी एक रात्र राहिली नव्हती. यंदा मेहुणा स्वतः दुकानात आला, काउंटरवर नारळ ठेवला, तेव्हा कुठे मी हो म्हटलं. तेही जेवणापुरतं.

न्हावऱ्यापर्यंत रस्ता कोरडा. पुढे भीमा जवळ येते तसा दोन्ही बाजूंनी ऊस दाटतो. पारगावचा पूल ओलांडला की वाऱ्यालाच गुळाचा वास येतो आणि उसाच्या वर गुऱ्हाळांची धुराडी दिसू लागतात.

चौफुल्याला आंबे घ्यायला थांबलो. भाव ऐकून मी पेटी परत खाली ठेवली.

"धोंड्याला चाललाय नव्हं?" आंबेवाला म्हणाला.

"कशावरून?"

"वहिनी हसत्यात आन् तुम्ही गुरकावताय. सकाळपासनं समदं जावईच थांबाया लागल्यात. घेत्यात कमी, भांडत्यात जास्ती."

मी हटलो नाही. भाव पाडूनच पेटी घेतली. खालचा थर कच्चा होता, हे सासरी पेटी उघडल्यावर कळलं.

चौफुल्यानंतर डोंगररांग समोर येते. हा सह्याद्रीचाच फाटा, पण उन्हाळ्यात अगदी बोडका, तांबूस. पायथ्याला मात्र कालव्याच्या कृपेने हिरवी पट्टी: ऊस, कांद्याच्या चाळी, झेंडूचे वाफे. शेवटच्या चढाला गाडीचं पाणी उकळलं. बोनेट उघडून उभा राहिलो, तर झेंडू तोडणारी एक बाई कॅन घेऊन आली.

"आप्पांचं जावई व्हय तुम्ही? ते रुसल्यालं?"

मी कॅन हातात घेतला. सुलभा तोंडाला पदर लावून डोंगर बघत होती.

"या, या," बाई म्हणाली. "आप्पा सकाळपासनं चार डाव फाट्यावर येऊन गेलं. जरा निवू द्या गाडी. तुम्ही पण निवा."

सासरी पायांवर पाणी, ओवाळणं, सगळं रीतसर झालं. जेवायला गरम धोंडे, त्यांवर तुपाची धार, आणि येळवणी (पुरणाच्या पाण्याची आमटी) अशी की घाम फुटावा. मी पोटभर जेवलो. राग जेवणावर काढायची मला सवय नाही. हात धुतला आणि म्हणालो, "निघतो आम्ही."

आप्पा ओट्यावर बसले होते. तरुणपणी त्यांनी बैलांचा व्यापार केलेला. "बसा हितं," ते म्हणाले. "राग हाय ना अजून?"

"आहे."

"मंग तोंडानं नको. तोंडानं बोललं की तुमचं-माझं वाजतंय. हात आणा."

त्यांनी खांद्यावरचं उपरणं आमच्या हातांवर टाकलं. बैलबाजारात व्यापारी चारचौघांत भाव बोलत नाहीत. कापडाखाली बोटं धरून ठरवतात.

"कशाचा सौदा?" मी विचारलं.

"मुक्कामाचा. एक बोट, एक रात."

त्यांनी माझी पाचही बोटं मुठीत धरली. मी हात सोडवून त्यांच्या हातात एकच बोट दिलं. त्यांनी मान हलवली आणि चार धरली. मी दोनावर आलो. आतून सासूबाई म्हणाल्या, "अवं, हात मोडाल त्यांचा." सुलभा खरकटं ताट हातात घेऊन दारातच उभी होती. कापडाखालचं तिला काही दिसत नव्हतं, तरी ती तिथून हलेना.

मी तिसरं बोट दिलं.

"ठरलं," आप्पा म्हणाले आणि उपरणं झटकलं.

ते दिवस झकास गेले. गुऱ्हाळात काहिलीतला ताजा गूळ चाखला, जीभ पोळली. पहाटे भुलेश्वराला चढून गेलो; वरून आमच्या बाजूची नदी चकाकताना दिसली. चहात साखर की गूळ, यावरून आप्पांशी रोज भांडलो.

निघायच्या सकाळी डिकी उघडली तर सुलभाची बॅग नाही.

"तुमच्या राती भरल्या," आप्पा म्हणाले. "लेक म्हैना सरंपतोर ऱ्हाईल."

"आप्पा, आपलं तीन ठरलं होतं."

"तुमच्या मुक्कामाचं ठरलं. तिचं कवा इचारलं तुम्ही?"

सुलभा ओट्यावर आईच्या केसांना तेल लावत बसली होती. वर न बघताच म्हणाली, "गाडीत पाणी बघून घ्या."

एकटाच परतलो. एवढी वर्षं मी समोरच्याच्या डोळ्यांत बघून भाव ठरवत आलो. त्या दुपारी मात्र माझे डोळे दाराकडे होते. सौद्यात असं करायचं नसतं. वाटेत चिडायचा दोन-तीनदा प्रयत्न केला, जमलं नाही.

दुकानाचं शटर वर केलं तर शेजारचा शिंपी डोकावला. "वहिनी कुठं?"

"सौद्यात गेल्या."

त्याला सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला. "म्हंजी तुम्ही बुडालात की."

"पार," मी म्हटलं, आणि दोन चहा सांगितले.