कुकरखालचा कवी

आज सुनेनं तापलेला कुकर फडक्यावर ठेवला. कापड करपल्याचा वास आला आणि सुधीरवरचा माझा राग जसाच्या तसा उफाळून आला.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी आम्ही दोघं एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. तो मेकॅनिकलला. मी पुण्याहून जर्मन साहित्य शिकायला आलेलो. एकोणिसाव्या शतकातल्या एका कवीवर माझा प्रबंध चालला होता. जन्मभर कारकुनी करत त्या माणसानं कविता लिहिल्या, कादंबऱ्या लिहिल्या. कुणी वाचत नव्हतं, तरी तो थांबला नाही.

त्या दिवशी स्वयंपाकाची पाळी सुधीरची. मी घरात शिरलो तर टेबलावर, माझ्या कवीच्या पुस्तकावर, डाळीचा कुकर! कापडी कव्हर करपत होतं.

"अरे, पुस्तक आहे ते!"

"टेबल जळलं असतं यार. आणि जर्मन तर आहे, कोण वाचतंय?"

हे बोलताना खाली पडलेल्या त्याच्या थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकाला त्याचा पाय लागला. लगेच वाकून त्यानं पुस्तकाला हात लावून नमस्कार केला.

त्याचं डोकं फोडावंसं वाटलं मला. पण मी कुकर उचलला, कव्हर पुसलं आणि त्याच कुकरातली डाळ दोनदा वाढून घेतली. पुढच्या सेमिस्टरला प्रबंध अर्धवट सोडून मी कॉम्प्युटर सायन्सला गेलो.

इतकी वर्षं मी सुधीरला शिव्या घालतोय. त्यानं तर फक्त कव्हर जाळलं होतं.