मंदाताईंची स्टेपनी

"आजी, घरी तुमचा फोटो हाये का? हासरा?"

कोणतंही म्हातारं माणूस दिसलं की मंदाताईंचा हा प्रश्न नमस्काराच्याही आधी यायचा. भाजीबाजारात, दवाखान्याच्या रांगेत, एकदा तर चक्क एका तेरवीच्या पंगतीत! समोरची आजी भांबावून जायची. ही बया फोटो काऊन मागते, आता कोणती नवी योजना निघाली? तेवढ्यात ताईंनी पिशवीतून कॅमेरा काढून गळ्यात घातलेलाही असायचा.

वर्ध्याजवळ बोरगाव मेघेत माझं झेरॉक्स आणि फोटोफ्रेमचं दुकान आहे आणि मंदाताई माझ्या शेजारीण. एसटीत कंडक्टर होत्या. नोकरीतून निवृत्त झाल्या, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. चार म्हातारे फोटोसाठी ओळीत उभे केले की हुकूम सुटायचा, "सरका, सरका, अंदर लय जागा हाये!" आणि म्हातारे हसत हसत सरकायचे. तोच त्यांना हवा असलेला क्षण. खट्!

हे वेड कुठून आलं, ते मला ठाऊक आहे, कारण ती फ्रेम मीच केली होती. त्यांची आई गेली तेव्हा घरात आईचा एकही धड फोटो नव्हता. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून दिला. डोळे अर्धवट मिटलेले, चेहरा असा की कोणी पकडून आणलं आहे. हार घालताना ताई म्हणाल्या, "गजू, माही माय दिवसभर हासे रे. हे कोन हाये?" मी तसा तापट माणूस, गिऱ्हाइकाला फटकन बोलतो. त्या दिवशी मात्र मी मान खाली घालून फ्रेमची काच पुसत राहिलो. पुढच्या महिन्यात ताईंनी डिजिटल कॅमेरा घेतला.

"अवो, मोबाईल आहे ना तुमच्याजवळ!" मी म्हटलं होतं.

"मोबाईल पाहून लोक तोंडं करते. कॅमेरा पाह्यला का पदर सावरते, नीट बसते. फरक हाये बावा."

तर त्या कॅमेऱ्याची बॅटरी म्हातारी झाली. पडद्यावर अर्धी भरलेली दाखवायची आणि पुढच्याच फोटोला डोळे मिटायची. एरवी चाललंही असतं. पण हिंगणीचं लग्न जवळ आलं होतं, आणि त्या लग्नात रायबाई आणि सोनाबाई भेटणार होत्या.

रायबाई हिंगणीची. ताईंच्या गाडीची जुनी प्रवासी. तिला ताई कितीदा तरी फोटोसाठी विनवून आल्या. तिचं एकच पालुपद, "एकटीचा नाई काढत मी. सोना येईन तवा दोघीचा काढ." सोना तिची धाकटी बहीण, लांबच्या गावी दिलेली; तीही एकटीचा फोटो काढू देत नाही म्हणे. दोघींचेही गुडघे गेलेले, गाडीची पायरी चढवत नाही. भेटच नाही तर फोटो कसला! आता रायबाईच्या नातवाचं लग्न निघालं, म्हणून सोनाचा मुलगा तिला एका दिवसासाठी टेम्पोत घालून आणणार होता. ताई म्हणाल्या, "आता नाई त कवाच नाई. गजू, चाल, स्टेपनी घेऊ." जास्तीच्या बॅटरीला त्या स्टेपनी म्हणायच्या.

वर्ध्यातल्या दुकानदाराने काउंटरवर दोन बॅटऱ्या ठेवल्या. एक कॅमेऱ्याच्याच कंपनीची, महाग. दुसरी भलत्याच नावाची, स्वस्त, आणि तिच्यावर आकडा मोठा. मी लगेच दुसरी उचलली. "ही घ्या ताई, जास्त वेळ चालते, आकडाच सांगतो!"

"आकडा कोनीही छापते रे. आमच्या गाडीवर बी 'जलद' लिहून राहे."

दुकानदार इतका हसला की त्याने आपणहून खण उघडून एक स्वस्तातली जुनी बॅटरी दाखवली. पुरीसारखी टम्म फुगलेली. कॅमेऱ्यात अडकून बसली होती म्हणे, गिऱ्हाईक रडकुंडीला आलं होतं. माझा चेहरा पाहण्यासारखा झाला असणार. ताईंनी महागाची बॅटरी घेतली, तीसुद्धा तिथल्या तिथे कॅमेऱ्यात घालून, काढून, पुन्हा घालून, दुकानदाराचेच फोटो काढून. "स्टेपनीले जुनं टायर नसते लावत. वक्ताले तेच कामी येते."

घरी आणून पूर्ण चार्ज केली, डबीत ठेवली आणि जाहीर केलं, की ही आता थेट लग्नातच लागेल. नव्या लुगड्याची घडी आपण लग्नातच मोडतो ना? तशी.

लग्नाचा दिवस उजाडला आणि काय सांगू, ताईंच्या अंगात वीस वर्षांची पोर आली होती! मांडवात शिरल्यापासून खट्, खट्, खट्. काठीवाले आजोबा, पानाची चंची सोडणारी आजी, कोणालाच सोडलं नाही. मी पिशवी घेऊन मागे. राहिल्या फक्त रायबाई आणि सोनाबाई. त्या दोघी सकाळपासून एकमेकींना चिकटून बसल्या होत्या आणि सकाळपासून भांडत होत्या. भांडण गोंडीत. आम्हांला अक्षर कळत नव्हतं, पण भांडण आहे एवढं कळत होतं. फोटोचं काढलं की रायबाई म्हणायची, "जेवन होऊ दे." जेवण झालं तर, "लुगडं बदलू दे." लुगडं बदलून आली तोवर सोनाच्या मुलाने आईला उचलून टेम्पोच्या मागच्या, खाली पाडलेल्या फाळक्यावर बसवलं होतं. जंगलातून दिवसाउजेडी निघायचं होतं त्याला.

"थांब, थांब!" ताई धावल्या. रायबाईलाही आम्ही धरून फाळक्यावर बसवलं. दोघींचे पाय लोंबकळत होते. ताईंनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि जुनी बॅटरी मेली.

"स्टेपनी दे!" मी डबी दिली. नवी बॅटरी आत गेली. कॅमेरा ढिम्म. काढली, पुन्हा घातली. ढिम्म! टेम्पो सुरू झाला, हॉर्न वाजायला लागला. माझं डोकंच फिरलं. "एवढी महागाची घेतली, आणि..."

"चूप ऱ्हाय!" ताईंनी बॅटरी उलटी केली आणि त्यांचा चेहरा उतरला. बॅटरीच्या सोनेरी पट्ट्यांवर लाल-पिवळा थर वाळून बसला होता.

"ताई, हे काय?"

"खंडेनवमीले पूजा केलती ना मी. कॅमेऱ्याची, इची बी."

"अवो, पण नेमकं तिथंच हळद-कुंकू?"

"तोंड नोय काय ते इचं? तोंडाले नाई त कुठं लावू?"

आयुष्यभर दर खंडेनवमीला गाडीची आणि तिकिटाच्या पेटीची पूजा केलेली बाई. बोट पाण्यात बुडवून मनोभावे कुंकू लावलेलं, ते फटीत जाऊन बसलं होतं. सोनाबाईने हे ऐकलं, केसांतला आकडा उपसला आणि फट कोरायला पुढे केला. "लोखंड नको, शॉर्ट होईल!" मी असा ओरडलो की सनईवाला थांबला. ड्रायव्हरने गिअर टाकला. ताईंनी टेम्पोच्या पत्र्यावर थाप मारली. एकच. ठण्ण! एक घंटा म्हणजे थांब, हे त्या ड्रायव्हरला कोणी शिकवलं होतं देव जाणे, पण गाडी जागच्या जागी थांबली. "मी म्हनन तवा सुटन गाडी!" ताई गरजल्या.

रायबाईने शेजारी पडलेल्या पळसाच्या पत्रावळीची एक काडी ओढून दिली. ताई पदराने पुसत होत्या, मी काडीने फट कोरत होतो, आणि वर त्या दोघी आमची फजिती पाहून हसायला लागल्या. आधी तोंडावर पदर घेऊन, मग पदर बाजूला टाकून. सोनाच्या तोंडात दात नव्हते, रायबाईचे दोनच होते. बॅटरी आत गेली, हिरवा दिवा लागला. मी उडीच मारली! "सरका" म्हणायची गरजच पडली नाही. हसता हसता सोनाचं डोकं रायबाईच्या खांद्यावर पडलं, आणि खट्!

तसा फोटो माझ्या दुकानातून आजवर दुसरा निघालेला नाही. दोन प्रती केल्या, दोन घरांसाठी.

उन्हाळ्यात सोनाबाई गेली. तिचा मुलगा फ्रेम घेऊन दुकानात आला. म्हणाला, "यातली माय तेवढी अलग करून द्या. हार घालाचा हाये." मी संगणकावर फोटो उघडला. कापणार कुठे? डोकं खांद्यावर, हात हातात. ताई शेजारीच बसल्या होत्या. "नाई कापाचा!" म्हणाल्या. मी चिडलो. जिवंत बाईच्या फोटोला हार घालतं का कोणी? अपशकुन! ताई काही ऐकेनात. शेवटी म्हणाल्या, "जिचा फोटो हाये, तिलेच इचारू."

आम्ही तिघं हिंगणीला गेलो. रायबाई अंगणात तूर पाखडत बसली होती. बहीण गेल्यापासून कोणाशी फारशी बोलत नाही, असं सुनेने सांगितलं. सोनाच्या मुलाने भीतभीत विषय काढला. रायबाईने सूप खाली ठेवलं, फोटो मांडीवर घेतला आणि सोनाच्या तोंडावरून बोट फिरवलं.

मग म्हणाली, "कापू नोको. हार लंबा आन. दोघीवरून जाईन असा."

"मावशी, तू जित्ती हायेस ना वो!"

"हाये त हाये. तिले एकटीले फोटो काढाचा असता, त तिनं काढला नसता काय?"

मंदाताईंनी माझा दंड घट्ट धरला. त्या रडत होत्या, आणि मीही. परतताना वर्ध्यात फुलवाल्यासमोर त्यांनी दोन्ही हात होते तेवढे फाकवले आणि म्हणाल्या, "एवढा पाह्यजे."