कापसाच्या खोलीतला हुंकारा

बीडमध्ये स्कूटर शिरली तेव्हा माझ्या पाठीवर सॅक होती, पायाशी पिशवी होती आणि डोक्यावर शनिवार होता. सॅक आणि पिशवी लॉजवर उतरवून ठेवता आली.

आधी माझं थोडं सांगते. मी आवाज विकत फिरते. पुण्यातली नोकरी सोडली, भाड्याची खोली सोडली आणि जिथे जाईन तिथे फोनला इवलासा माइक लावून लोकांना वाचून द्यायचं, असा उद्योग मांडला. केसांच्या तेलाच्या जाहिराती, शाळेचे धडे, 'आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा', हे सगळं मीच. तुम्हीही कधीतरी मला शिव्या घातल्या असतील, माझी तक्रार नाही. या धंद्यात काम कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि आलं की नेमकं अशा जागी गाठतं जिथे शांतता औषधालाही मिळत नाही.

या वेळचं काम मोठं होतं. पुस्तकं वाचून ऐकवणाऱ्या एका कंपनीला एक जाडजूड कादंबरी माझ्याकडून वाचून हवी होती. मिळालं तर वर्षभराची ददात मिटली. नमुना म्हणून त्यांनी एकच प्रकरण पाठवलं होतं. ते मी वाचून पाठवलं आणि उत्तर आलं, "आवाज छान आहे, पण बातम्या ऐकल्यासारखं वाटतं. शनिवारी संध्याकाळपर्यंत पुन्हा पाठवून बघा."

बातम्या! दोन घास जास्त जेवले त्या दिवशी, इतकी चिडले.

इकडे माझा भाऊ. त्याचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. त्याच्या ऑफिसात माझ्यासाठी एक खुर्ची तो कधीपासून अडवून बसलाय. "हे काम नाही मिळालं तर सोमवारी येऊन बस. झालं ना फिरून?" म्हणाला. मीही त्राग्याच्या भरात 'बरं' म्हणून गेले. भाऊ वाईट नाही, खुर्चीही चांगली गुबगुबीत आहे. पण तिच्यात बसले की उठणं व्हायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तर बीड. लॉजची खोली स्वच्छ होती, मालकही अदबीचे. पण समोर कोचिंग क्लास, खाली रिक्षा स्टँड, आणि पलीकडे एसटी स्टँडवरची बाई दर थोड्या वेळाने गाड्या पुकारायची. मी उशी तोंडाशी धरून वाचायला बसले, तर माझ्या गयेच्या (ती कादंबरीतली नायिका) तोंडून एकदम 'परळीकडे जाणारी गाडी' निघाली. मी गाशा गुंडाळला.

चौसाळ्याला एका ओळखीच्या बाईंची खोली मिळाली. बाई भली, जेवायला येसर (भाजलेल्या धान्यामसाल्याच्या पिठाची आमटी) आणि बाजरीची भाकरी. नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत ओरपली. खोली मात्र हायवेला चिकटून. ट्रकवाले तिथे हॉर्न वाजवत नाहीत, हॉर्नवर गाणी म्हणतात. शुक्रवारी सकाळी मी माजलगावचा रस्ता धरला. धरणाच्या काठी कुठेतरी निवांत जागा मिळेल, असं वाटलं होतं.

कुठलं काय! साखर कारखाने सुरू झालेले. उसाचे ट्रॅक्टर मागे दोन-दोन ट्रॉल्या लावून, वर झेंडूच्या माळा, आत ढणाणा गाणी, असे वरातीसारखे चाललेले. त्यातल्या एकाला वाट द्यायला स्कूटर खाली घेतली आणि मागचं चाक फुस्स. आजूबाजूला पांढराशुभ्र कापूस फुटलेला. मी तिथेच बसकण मारली आणि, खोटं कशाला सांगू, थोडी रडले.

"कावून रडायलाव बाई?"

कापसाच्या रांगेतून एक बाई उभी राहिली. साठीची असेल. कमरेला बांधलेल्या ओटीत वेचलेला कापूस, त्यामुळे पोट हे एवढं. या सुमनकाकू.

"चाक बसलं," मी म्हणाले.

"चाकासाठी कुनी रडतंय व्हय? मालक काय करत्यात तुमचे?"

"लग्न नाही केलं. एकटीच फिरते."

"आन् पोटापान्याचं?"

"वाचते."

"वाचायचे पैशे देत्यात?"

"देतात कधीकधी. न दिले तर सोमवारपासून भावाच्या ऑफिसात."

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चला घरी. आदी खाऊन घ्या. उपाशी मानसाला समदंच वाईट दिसतंय."

घर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. काकूंचे यजमान, ज्यांना सगळं गाव बप्पा म्हणतं, चाक काढून मोटरसायकलवरून माजलगावला घेऊन गेले. मी गरम धपाटे आणि दही यांच्यापुढे बसले आणि शनिवारची सगळी कथा काकूंना सांगून मोकळी झाले. परतलेल्या बप्पांनीही ती ऐकली. पंक्चरवाला चाक उद्या देणार होता.

"म्हंजी तुमाला फकस्त शांतता पायजेल?" बप्पा उठले. "एवढंच ना? मी हाय की." टोपी घालून तडक बाहेर पडले.

मी ओसरीत माइक मांडला, घसा साफ केला, आणि देवळाच्या भोंग्यातून खरखर आली. "हॅलो, हॅलो. समद्या गावकऱ्यांना कळवन्यात येतंय की बप्पांच्या घरी पाहुनीचं रेकॉर्डिंग चालू हाय. तरी कुनीबी आवाज करू नये. पोरं आवरावी. हॅलो." बप्पांचाच आवाज. भोंग्यावर सांगितलं की गाव ऐकतं, पाणी सुटायचं असो की जनावरांचा डॉक्टर आलेला असो, ही तिथली रीत. बप्पांनी तीच पाळली, आणि चुकून कुणाचं राहायला नको म्हणून पुन्हा पुन्हा पाळली. शांतता म्हणजे काय असते ते बघायला अर्धं गाव अंगणात जमलं. आल्या बायांना काकूंनी चहा टाकला. कप वाजले, बांगड्या वाजल्या, कुणीतरी सगळ्यांना "शूऽऽ" म्हणालं ते सगळ्यांत मोठ्याने. मी आधी दात ओठ खाल्ले, मग मला जे हसू फुटलं ते आवरेचना. काम बोंबललं, पण किती दिवसांनी इतकी हसले!

बप्पा विजयी चेहऱ्याने परत आले. "झालं का?"

"झालं," मी म्हणाले. त्यांचा चेहरा बघून दुसरं काही म्हणवेना.

शनिवारी सकाळी उठले ती संध्याकाळपर्यंतचे तास मोजतच. टॉवेल काढायला सॅक शोधू लागले, तर काकू म्हणाल्या, "ती कापसाच्या खोलीत ठिवली."

या भागात वेचलेला कापूस लगेच विकत नाहीत. भाव बरा येईपर्यंत घरातच साठवतात, एक अख्खी खोली त्याला देतात. दार उघडलं तर काय, जमिनीपासून आढ्यापर्यंत कापूसच कापूस, आत शिरायला दाराशी माणूसभर जागा. माझी सॅक त्यात अर्धी बुडालेली. तिला ओढलं, नाकात तंतू गेला आणि सणसणीत शिंक आली.

शिंक तिथल्या तिथे विरून गेली. मी टाळी वाजवली. मेली. "गया!" म्हणून हाक मारली. माझा आवाज जसा तोंडातून निघाला तसाच, ओलाकोरडा, कुठेही न घुमता माझ्या कानाशी आला. बाहेर ट्रॅक्टर चालला होता, तो मुंगीएवढा झाला होता.

"काकूऽऽ!" मी नाचतच बाहेर आले. "मला ही खोली द्या!"

"घ्या की. पन दुपारी व्यापाऱ्याचा टेम्पो यायलाय, भरून न्यायचाय समदा." मग एकदम कडक आवाजात, "आन् आत इजेचं कायबी न्यायचं न्हाई. चार्जर न्हाई, वायर न्हाई, काडेपेटी तर न्हाईच. कापसाचा भरवसा नसतोय."

फोनची बॅटरी होती तेवढ्यावर भागवायचं ठरलं. मी कमरेपर्यंत कापसात शिरून बसले. समोर काकू. "गोष्ट हाय म्हनालात, मंग मला ऐकू द्या," म्हणून त्या आधीच मांडी ठोकून बसल्या होत्या.

मी वाचायला लागले. सासर सोडून निघालेली गया, संध्याकाळ, भावाच्या गावचा रस्ता. कित्येक वर्षांत त्याने तिचं तोंड पाहिलेलं नाही. पान उलटलं आणि समोर बघते तर काकू झोपलेल्या. चक्क घोरत होत्या, तोंड उघडं!

माझं टाळकंच सरकलं. आता कशी झोपताय बघते, म्हटलं. त्यांना हलवून जागं केलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. कंपनी गेली खड्ड्यात, या बाईचा डोळा लागू द्यायचा नाही, एवढंच डोक्यात होतं. तिची पापणी जड झाली की मी आवाज खाली आणायची, नजर भिरभिरली की थांबायची. गयेच्या पायात काटा मोडला तिथे काकू पुढे सरकल्या. आणि मग सुरू झालं.

"हं."

मी रेकॉर्डिंग थांबवलं. "काकू, आवाज नाही करायचा."

"आगं पन हुंकारा द्यावा लागतोय की! गोष्ट सांगनाऱ्याला हं न्हाई म्हनलं तर त्याला वाटंल, ही मेली ऐकतच न्हाई."

"मला नाही वाटणार. शप्पथ."

त्यांनी पदराचा बोळा तोंडात घातला. मी वाचलं, आणि खरं सांगते, माझा आवाज पुन्हा बातम्यांवर गेला. मला मेलीला तो 'हं' हवा होता. "काढा बोळा," मी म्हणाले. "पण हळू."

असं आम्ही दोघी चाललो, मी वाचते, त्या हुंकारतात, गया चालते. मानेला खाज सुटलेली, बॅटरीची रेघ लाल झालेली, आणि अंगणात टेम्पो येऊन थांबला. दारं आपटली, माणसं उतरली. आता वजनकाटा लागणार, आरडाओरडा होणार.

पण काहीच झालं नाही. नंतर कळलं की बप्पांनी या वेळी भोंग्याची वाट धरली नव्हती. त्यांनी व्यापाऱ्यासकट सगळ्यांना ओसरीत बसवलं, आदल्या दिवशीचे उरलेले धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी वाढली, आणि कुणी तोंड उघडायच्या आत ताटात आणखी एक टाकलं. "तोंडात घास आसला की मानूस कसा बोलंल?" त्यांनी मला मागाहून समजावून सांगितलं.

गया भावाच्या दारात पोचली. कडी वाजवली. आत कुणीतरी उठलं. पावलं आली. कडी सरकली. प्रकरण संपलं आणि फोनही संपला.

"मंग?" काकू.

"संपलं."

"संपलं म्हंजी? दार कुनी उघाडलं? भाऊ का भावजय?"

"माहीत नाही. त्यांनी एवढंच पाठवलंय. काम मिळालं तर पुढचं देणार."

काकूंचा चेहरा असा काही पडला की मलाच अपराध्यासारखं झालं. "म्हंजी तुला काम न्हाई मिळालं, तर मला मरस्तोवर कळनार न्हाई?" त्या उठून उभ्या राहिल्या, केसांत कापूस, कपाळावर कापूस. पहिल्यांदाच त्यांनी मला 'तू' म्हटलं होतं. "देवा, हिला काम लागू दे बाबा. त्या बिचारीचं काय झालं ते कळू दे."

माझ्यासाठी इतक्या मनापासून कुणी देवाला साकडं घातलेलं मला आठवत नाही, मग ते गयेसाठी का असेना. माझे डोळे भरून आले. कापसामुळे आधीच लाल होते म्हणून खपून गेलं.

चाक आलं. अंगभर खोबरेल चोपडून, तरीही सटासट खाजवत, मी माजलगाव गाठलं. चांगली रेंज बघून एका रसवंतीच्या बाकावर बसून फाइल पाठवली. 'हं' काढून टाकायला वेळ नव्हता. उसाचा रस प्याले, आणखी एक प्याले, आणि रविवारी पुण्याला परतले.

सोमवारी भावाच्या ऑफिसात त्या खुर्चीत बसले. बोलल्याप्रमाणे वागायला नको? भावाने खोक्यांचे नमुने समोर ठेवले. मी मान खाजवत होते, तेवढ्यात फोन वाजला. कंपनीच्या संपादकबाई होत्या.

"काम तुमचं," त्या म्हणाल्या. "फक्त एक विचारायचंय. मधेमधे 'हं' असं कोण म्हणतं?"

मी सांगितलं. "तो आवाज आम्ही काढून टाकू," त्या म्हणाल्या. "पण त्या बाईंना मात्र समोर बसवत जा." पुढचं प्रकरण त्यांनी लगेच पाठवलं.

ते आलं तसं उघडायला बोट पुढे केलं, आणि का कोण जाणे, आधी काकूंना फोन लावला.

"काकू, काम मिळालं!"

अभिनंदन नाही, काही नाही. "दार कुनी उघाडलं?"

"अजून वाचलं नाही. थांबा, सांगते."

"ए, ए! फोनवर सांगू नको!" काकू केवढ्यांदा ओरडल्या. "आन् तूबी वाचू नको एकटी. दुसरी वेचनी चालू हाय, खोली पुन्ना भरायली. कापूस गुडघ्याला लागला की ये. दोघी बरुबरच ऐकू."

मी खुर्चीतून उठले. भावाने चष्म्यावरून बघितलं. "खुर्ची ठेवू का गं?" म्हणाला, आणि हसला. बिचारा खरंच वाईट नाही.

"ठेव," मी म्हणाले. हे पुस्तक संपल्यावर काय, ते मला माहीत नाही. पुढच्या वर्षी कुठली खोली, कुठलं काम, कुणाच्या घरची भाकरी, त्यातलं काहीच ठरलेलं नाही. पूर्वी या विचाराने झोप उडायची. आता एवढंच वाटतं की, कुठेतरी कुणीतरी 'मंग?' म्हणत वाट बघत असलं की निघायला तेवढं पुरतं.

खोबरेलाची मोठी बाटली घेतली आहे. प्रकरण फोनमध्ये तसंच बंद आहे. आज सकाळी काकूंचा निरोप आला, कापूस गुडघ्याला लागला.